शंभर यार्डांचे दहा सेकंद

१४ फेब्रुवारी १९५४, रविवार

दहा! शंभर यार्ड, बरोबर दहा सेकंद!

बावीस वर्षं कलकत्ता विद्यापीठाच्या शर्यतींना घड्याळ धरतोय, पण इतका कमी वेळ एकाही पोराला लागला नव्हता. आणि पोरगा कोण? बेहालाच्या कालिंदीवहिनींचा माधव! फीत तुटली तेव्हा दुसरा चांगला पाच यार्ड मागे होता. दिनकरनं माझ्या हातातलं घड्याळ घेतलं, काटा वाचला, स्वतःचं घड्याळ बघितलं, कागदावर काहीतरी खोडून परत लिहिलं आणि म्हणाला, "सर, टेन फ्लॅट." दिनकर माझा जुना विद्यार्थी, आता आमच्याच कॉलेजात माझ्याबरोबर फिजिक्स शिकवतो. दोन-तीन वर्षं झाली, चीफ टाइमकीपर म्हणून घड्याळ दाबायचं मी आणि काटा वाचायचं त्यानं. माझा चष्मा जरा जुना झालाय. आणि काम वाटून घेतलं की चूक होत नाही.

तेवढ्यात मित्तिरबाबू कोपराला येऊन चिकटले. चौरंगीलगतच्या मैदानावरच्या एका मोठ्या फूटबॉल क्लबाचे सेक्रेटरी, पहिल्या डिव्हिजनचे. "श्यामबाबू, ये तो घोड़ा है, घोड़ा! हा फूटबॉल खेळतो ना?" म्हटलं, कॉलेजच्या संघात राइट आउट आहे. "मग चिठ्ठी द्या. तुमची चिठ्ठी आली की कमिटी डोळे मिटून घेते."

छाती फुगली, खोटं कशाला बोला! घरी येईपर्यंत ट्रॅममध्ये तीन अनोळखी माणसांना सांगून झालं.

१५ फेब्रुवारी

शारदेला चौथ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, "अहो, धावला तो. तुम्ही नव्हे."

२० फेब्रुवारी

कालिंदीवहिनी आल्या होत्या. त्यांचे यजमान जाऊन आता सहा वर्षं होतील. माझा एवढा जवळचा मित्र, पण त्यांनी आजवर एक गोष्ट मागितली असेल तर शपथ. शाळेत शिकवून पोराला वाढवलं. आज आल्या त्या तोंड उतरवूनच.

मित्तिरबाबू बेहालाला थेट घरी जाऊन आले म्हणे! एकतीस मार्चच्या आत माधवनं क्लबाकडून सही करायची. आठ एप्रिलला संघ आसामला सरावाचे सामने खेळायला जाणार, त्याच्याबरोबर जायचं. कुठल्याशा ऑफिसात नोकरीही लावून देणार. आणि बी.एस्सी.ची परीक्षा बारा एप्रिलला! परीक्षा बुडाली की फीची नादारी गेली, वर्ष गेलं. पुढं परत बसेल? पायाला एकदा मैदान लागलं की कोण बसतंय.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मला त्यातलं काही कळत नाही. तिथं त्याचं नाव होणार असेल तर मी आड येणार नाही. पण दोन वर्षं नाचवून सोडून देणार असतील तर? तुम्ही इतकी पोरं बघितलीत. तुम्ही सांगाल तसं."

तुम्ही सांगाल तसं! आता आली का पंचाईत.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. मोठा शहाणा!

२२ फेब्रुवारी

जुनी वही काढून बसलो. सेहेचाळीस सालापासून मी चिठ्ठी देऊन मैदानावरच्या क्लबांकडे सात पोरं धाडली. सगळी कॉलेजातली, सगळी वाऱ्यासारखी पळणारी.

पहिली तीन. एक आठ मोसम खेळला, अजून लोक त्याचं नाव काढतात. दुसराही उत्तम निघाला. तिसऱ्याचा पहिल्याच वर्षी गुडघा गेला, तो धरायला नको. म्हणजे पैकीच्या पैकी!

पुढची चार, एक्कावन्न सालानंतरची. चौघांच्याही वेळा आधीच्या तिघांपेक्षा सरस. आणि चौघंही आपटली! एकही दुसरा मोसम बघू शकला नाही.

हे काय गौडबंगाल? जास्त वेगवान ती पोरं पडली, आणि कमी वेगाची टिकली. कॉलेजातला वेग मैदानावर जात नाही म्हणावं, तर पहिल्या तिघांचा कसा गेला? जातो म्हणावं, तर ह्या चौघांचा कुठं सांडला?

दोन तास बसलो. डोकं दुखलं, बाकी काही झालं नाही.

२७ फेब्रुवारी

मित्तिरबाबूंच्या क्लबाच्या तंबूत गेलो. म्हटलं, खरं सांगा, माझी शेवटची चार पोरं का वाया गेली? चहाचा मातीचा भांड ओठाला लावून त्यांनी चौघांसाठी चार कारणं सांगितली. पहिल्याला बूट सोसले नाहीत, अनवाणी हरिण, बुटात बैल. दुसरा कोरड्यात पळायचा, आषाढातल्या चिखलात रुतायचा. तिसऱ्याचे पाय चेंडू आला की एकमेकांत अडकायचे. चौथ्याचं काय? "चौथा भित्रा." म्हटलं, मग पाचव्याचं कशावरून बरं होईल? हसले. "श्यामबाबू, दहा सेकंद! दहा सेकंदवाल्याला चिखल लागायच्या आत तो पलीकडे गेलेला असतो."

त्या वेळी पटलं. चौरंगीचा रस्ता ओलांडेपर्यंत पटेनासं झालं.

१ मार्च

शारदेला विचारलं, तुला काय वाटतं? माझ्यापुढे ताट ठेवता ठेवता म्हणाली, "आमच्या माहेरी एक गाय होती. धरायला तीन गडी लागायचे, अशी पळायची. दूध मात्र शेरभरसुद्धा नाही."

म्हटलं, गाईचा इथं काय संबंध? तर म्हणे, "तेच विचारतेय मी. पळण्याचा आणि चेंडूचा काय संबंध?"

आणि वर, "आधी ते डोळे दाखवून या. आमटीतली मिरची कढीलिंब म्हणून खाल्लीत काल." आता ह्यात डोळ्यांचा काय संबंध! घरातल्या दिव्याला उजेड नाही. चिडून तसाच उठलो. नंतर भूक लागली.

३ मार्च

दिनकर उद्या नागपूरला निघाला. लग्न आहे त्याचं, परत यायला एप्रिलचा मध्य उजाडेल. त्याला म्हटलं, जाता जाता एवढं सांग, माधवला चिठ्ठी द्यावी का? चष्मा पुसत उभा राहिला. "सर, फूटबॉलचं मला सांगता येत नाही. पण दहाच्या आकड्याबद्दल शंका बाळगू नका."

शंका कशाला बाळगीन? घड्याळ माझं होतं!

६ मार्च

दिली चिठ्ठी. "मी स्वतः लावलेली वेळ, दहा सेकंद. माझ्या बावीस वर्षांत असा वेग पाहिला नाही. नि:शंकपणे शिफारस करतो." खाली झोकात सही.

माधवला सांगितलं तेव्हा त्यानं मला उचललंच! छप्पन्न वर्षांच्या माणसाला! "काका, तुम्ही हो म्हणालात ना, झालं!" वहिनी नुसत्या हसल्या. देवापुढे साखर ठेवली. पण त्यांनी टेबलावरची पुस्तकं उचलून फडताळात ठेवली, ते मला बघवलं नाही.

नि:शंकपणे लिहिलं खरं. शंका सगळ्या खिशात घेऊन घरी आलो.

१४ मार्च

कुठल्या तोंडानं लिहू?

आज क्लबाच्या मैदानावर माधवला बूट घालून पळवून बघायचं ठरलं होतं. कमिटीचे चार-पाच जण, मित्तिरबाबू, आणि घड्याळ घेऊन मी. इशाऱ्याचं पिस्तूल विद्यापीठाच्या कपाटात, त्याला परवाना लागतो, ते कोण आणणार. मित्तिरबाबू म्हणाले, रुमालानं करू. तिकडच्या टोकाला त्यांचा कोच रुमाल वर धरून उभा राहणार, खाली आणला की माधव सुटणार, आणि मी घड्याळ दाबणार.

मी फितीपाशी उभा. घड्याळ हातात, अंगठा तयार. तिकडे बघतोय. बघतोय. हिरवट-पांढरं काहीतरी हलत होतं, त्यात माणूस कुठला आणि रुमाल कुठला! वाटलं, अजून तयारी चाललीय. वाट बघतोय. आणि एकाएकी धप् धप् धप् — माधव माझ्या नाकासमोरून वाऱ्यासारखा गेला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "किती? किती?"

घड्याळ शून्यावर. मी दाबलंच नव्हतं.

मी म्हणालो, "अडकलं. कळ अडकली." बावीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो. मित्तिरबाबू खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या श्यामबाबू, तुमची चिठ्ठी आहेच की. तिच्यावरच तर कमिटीनं घेतलाय."

१५ मार्च

झोप नाही. कॉलेजात दोन तास घेतले, काय शिकवलं देव जाणे.

रुमाल दिसला नाही. शंभर यार्डांवरचा हात दिसला नाही. बरं, डोळे गेले म्हणू. म्हातारपण आहे. पण मग पिस्तुलाचा धूर मला कसा दिसत होता?

आणि इथं माझ्या पायाखालची वाळू सरकली. दिसत नव्हताच! घड्याळ दाबायचं असतं ते धूर बघून. आवाज ऐकून नाही. धूर दिसतो त्या क्षणी पोरगा सुटलेला असतो, आवाज शंभर यार्ड चालत यायला वेळ घेतो. पहिली एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून मी धुरासाठी टक लावायचो. पुढं कधी धूर दिसेनासा झाला आणि कधी कानानं दाबायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही. आवाज आला की अंगठा आपोआप खाली जायचा, आणि मी समजायचो, धूर बघितला.

तीनशे फूट. आवाज सेकंदाला अकराशे फूट. पाव सेकंदाच्या वर! दर जुलैत प्रयोगशाळेत पोरांकडून नळीत पाणी ओतून आवाजाचा हाच वेग काढून घेतो मी, चुकलं तर ओरडतो. आणि स्वतः?

म्हणजे माझं घड्याळ दर वेळी पाव सेकंद उशिरा सुरू झालं. म्हणजे माधव दहा नाही. दहा पूर्णांक तीन.

१६ मार्च

वही परत काढली. आता सगळं लख्ख दिसतंय, आंधळ्याला!

पहिली तीन पोरं — डोळे धड होते, वेळ धुरावर. वेळ खरी, पोरं टिकली. पुढची चार — वेळ आवाजावर, खोटी. म्हणून तर सरस दिसली! ती कधी तेवढी वेगवान नव्हतीच. बूट, चिखल, भित्रेपणा, काही नाही. मी त्यांना दहा-एक, दहा-दोन म्हणून पाठवलं, आणि गेली ती दहा-चार, दहा-पाचवाली साधी पोरं.

शर्यतीत दिनकरचंही घड्याळ असतं, मग दोन घड्याळांतला फरक त्याला कसा दिसला नाही? दिसला असणार. पण त्या दिवशी त्यानं कागदावर खोडून लिहिलं ते मी बघितलंच की. माझी वेळ बघून स्वतःची खोडली, दुसरं काय! मास्तरांचं चुकणार कसं? तिसरं घड्याळ असतं तर वादच मिटला असता, पण ते गेल्या वर्षी दुरुस्तीला दिलंय ते दिलंच.

पोराचा आदर आणि म्हाताऱ्याचा डौल. दोघांनी मिळून चार जणांचं वाटोळं केलं.

पाव सेकंद म्हणजे अडीच-तीन यार्ड. बॅक तुमच्यापर्यंत पोचतो की नाही, ते तीन यार्डांतच ठरतं.

२१ मार्च, रविवार

बजबजला जाऊन आलो. चौघांपैकी जयप्रकाश तिथं तेलाच्या डेपोत कारकून आहे. क्लबानं काढल्यावर परीक्षेला परत बसलाच नाही. मला बघून एवढा आनंदला की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको, दोन मुली. नदीकाठाला नेऊन बसवलं, झालमुडी खायला घातली. त्याचं मराठी आता पार कलकत्त्याचं झालंय. "सर, तुम्ही इतका लांब कशाला आला? मला बोलवायचा ना!"

मी माझ्या चुकीचं काही बोललो नाही. एवढंच विचारलं, तुझा वेग तिथं का चालला नाही? तू जरा हळू होतास, असं वाटलं का कधी?

हसला. "हळू? नाही सर. पळायचं म्हटलं तर तिथं मला कोण पकडणार! पण पळायला देतो कोण? कॉलेजात माझ्यासमोर मोकळं मैदान असायचं, चेंडू पुढे मारायचा आणि पळायचं. तिथं दहा पावलं झाली की कोणीतरी आडवा. ते म्हातारे बॅक असतात ना सर, त्यांना पळता येत नाही, पण मी कुठं जाणार ते त्यांना माझ्याआधी कळायचं. तिकडे जाऊन उभे राहायचे. आपण म्हणतो ना, घोडामैदान जवळ आहे? घोडा होता, सर. मैदान नव्हतं."

आता हे काय? हा म्हणतो, मला कोणी पकडत नव्हतं. माझं गणित म्हणतं, तू वेगवान नव्हतासच. ह्यांपैकी खरं कोणतं? की हरलेल्या माणसाला आपण वेगवान होतो एवढं तरी हवं असतं? गाडीत येताना तेच घोकत बसलो. स्टेशन चुकलं.

निघताना त्याला म्हटलं, माझी चिठ्ठी नसती तर तू परीक्षा दिली असतीस. त्यानं माझा हात धरला. "चिठ्ठी होती म्हणून एक मोसम तरी खेळलो ना, सर."

लाज वाटली. फार लाज वाटली.

२३ मार्च

सांगायला हवं. नाही सांगितलं.

२४ मार्च

आजही नाही. बेहालाच्या ट्रॅममध्ये चढलो आणि पुढच्या स्टॉपवर उतरलो. शारदा म्हणाली, "एवढ्यात आलात?" म्हटलं, गर्दी होती.

२५ मार्च

डोळे दाखवले. दोन्हींत मोतीबिंदू, उजवा पिकत आलाय. डॉक्टरांनी विचारलं, "एवढ्या दिवसांत अडचण नाही आली?" म्हटलं, मला नाही आली. दुसऱ्यांना आली.

शारदेला सगळं सांगितलं. धूर, आवाज, जयप्रकाश, सगळं. वाटलं, आता ऐकवेल, मिरचीपासून सुरुवात करील. तिनं पानं वाढली. जेवण झाल्यावर म्हणाली, "कालिंदीला सांगायला मी येऊ का बरोबर?"

नको म्हटलं. चूक माझी, तोंड माझं.

२७ मार्च

सांगितलं.

वहिनी वाटाणे सोलत होत्या, माधव बुटांना तेल लावत होता. उभ्यानंच बोललो. नाहीतर बोललोच नसतो. म्हटलं, माधव, तू दहा नाहीस. दहा-तीन आहेस. माझे डोळे गेलेत, आणि घड्याळ मी कानानं दाबलं. गेली तीन वर्षं तेच करतोय.

वहिनींना पटकन कळलं नाही. कळलं तेव्हा वाटाण्यांचं ताट बाजूला ठेवलं आणि मोठा श्वास घेतला. "म्हणजे परीक्षा द्यायची ना त्यानं? बाई गं, देवच पावला!" त्या बाईनं तीन आठवडे मनातल्या मनात काय सोसलं असेल, ते त्या एका श्वासात कळलं.

माधवनं बूट खाली ठेवला. तेलाचा फडका हातात तसाच. मग म्हणाला, "तीन दशांश."

म्हटलं, हो.

"दहा-तीनवाले ह्या शहरात किती आहेत, काका?"

खोटं बोलवेना. "असतील दहा-बारा."

"आणि दहावाला?"

"एकही नाही."

"काल होता," म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला. मला रडू आलं. त्याच्या आईसमोर, वाटाण्यांच्या टरफलांत उभा राहून रडलो मी. त्यानंच पाणी आणून दिलं.

म्हटलं, पण तू ठरव. चिठ्ठी मी परत घेतो, तरी क्लब तुला घेईल. तुझ्या पायांत दुसरंही काही असेल, जे घड्याळात येत नाही. मला खरंच माहीत नाही रे, कुणाचा वेग तिथं चालतो आणि कुणाचा नाही! तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाही तर मला कुठून?"

२८ मार्च

माधवच्या हट्टापायी आज बेहालाच्या शाळेमागं परत पळवून बघितलं. मोजलेलं मैदान नाही, दोरीनं आखलेले शंभर यार्ड, मध्ये एक खड्डा. इशारा टाळीचा. घड्याळ माझं, पण हातात त्याच्या मित्राच्या. त्यानं जन्मात कधी धरलेलं नव्हतं. तीनदा धावला. दहा-सहा, दहा-सात, दहा-सहा.

मी म्हटलं, ह्या वेळांना काडीचा अर्थ नाही. दोरी ताणते, टाळी खोटी, हात कच्चा. पण तो ऐकत नव्हता. बूट काढून नाड्या एकमेकींत बांधत बसला होता. मी अजून मोठ्यानं बोलायला हवं होतं का? पण बोलू कशाच्या जोरावर?

२९ मार्च

मित्तिरबाबूंना जाऊन सांगितलं. आधी त्यांना थट्टाच वाटली. मग मात्र तोंड फिरवलं. "श्यामबाबू, कमिटीत तुमच्या चिठ्ठीवर मी हात वर केला होता." एवढंच. चहाही नाही विचारला. बरोबरच आहे त्यांचं.

विद्यापीठालाही कळवलं. पुढल्या वर्षापासून घड्याळ दुसऱ्याच्या हाती द्या. डोळ्यांचं कारण लिहिलं. धुराचं नाही लिहिलं. भ्याड!

३१ मार्च

माधवनं सही केली नाही. मुदत आज संध्याकाळी संपली. हैदराबादेहून एक राइट आउट कालच येऊन पोचलाय म्हणे, त्याला घेतला. पुढल्या वर्षी बघा म्हटलं तर मित्तिरबाबू म्हणाले, "पुढल्या वर्षी हैदराबादेहून अजून चार येतील."

संपलं. मला हायसं वाटतंय. वाटायला हवं ना? की एखाद्याचे पाय कापून वर परत हायसं वाटतंय?

नाही, नाही. खरं ते सांगितलं. खरं सांगितल्यावर जे झालं ते झालं.

११ एप्रिल

माधव येऊन पाया पडून गेला. उद्यापासून परीक्षा. दोन आठवडे रोज बारा तास अभ्यास केला म्हणतो, डोळे खोल गेलेत. शारदेनं त्याच्या हातावर दही ठेवलं.

जाता जाता दारात थांबला. "काका, एक सांगू? त्या दिवशी तुमचा राग आला होता. फार. पण मग वाटलं, दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. तुमच्यामुळे माझं वर्ष वाचलं."

तो गेल्यावर शारदेनं माझ्या ताटात श्रीखंड वाढलं, न मागता. जेवलो. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

मैदानाचं कोडं मात्र सुटलं. वेग जातो, पण तो खरा असावा लागतो. वहीत तसं लिहून वही बंद केली. जयप्रकाश काय म्हणाला ते तेवढं बसत नाही त्यात. असू दे.

१८ एप्रिल, रविवार

दिनकर नागपूरहून आला. नवी नवरी, संत्र्याची बर्फी. ती आत शारदेकडे गेल्यावर त्याला सगळं सांगितलं.

तो पांढरा पडला. हातातली बर्फी परत बशीत ठेवली.

"सर, तुमच्या घड्याळात त्या दिवशी नऊ-सात होते. चुकून तेच आधी लिहिलं, मग खोडलं. तुम्ही आवाजावर दाबता ते मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तुमच्या घड्याळातली वेळ मी तेव्हापासून एकदाही लिहिली नाही. दर वेळी माझ्याच घड्याळातली सांगायचो. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"तुझं घड्याळ धुरावर?"

"तुम्हीच शिकवलंत ना, सर."

म्हणजे ती चौघंही खरीच वेगवान होती. आणि माधव दहातच धावला होता.

त्याला कसं सांगू? उद्या त्याचा फिजिक्सचा पेपर आहे.